मध्यंतरापर्यंत

आमचा सोफेवाला म्हणायचा, माझं पोट चुकांवर चालतं. खोटं नव्हतं. सोफ्याच्या लाकडावर कापड ठोकायला जे बारीक खिळे लागतात त्यांना चुका म्हणतात, आणि तो त्या मूठभर तोंडात धरून कामाला बसायचा. जिभेने एकेक चूक ओठांपाशी आणायची, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायची आणि एका ठोक्यात आत. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "अहो, एखादी गिळली तर?" तो तोंडातल्या तोंडात म्हणायचा, "लोकांच्या चुका पोटात घालायला मी काय साधू आहे?"

साधू तर तो अजिबात नव्हता. भांडखोर होता, आणि सिनेमाचा विषय निघाला की विशेषच. कुणी एखाद्या सिनेमाला 'ठीक होता' म्हटलं की याचं डोकं फिरायचं. "ठीक तब्येत असते. पिक्चर आवडला की नाही ते सांग, आणि का ते सांग. नाहीतर ऊठ माझ्या सोफ्यावरून."

रविवारी सकाळी आम्ही चौघं त्याच्या दुकानात जमायचो. बसायला जागा मुबलक, पण धड एकही नाही. एका सोफ्याची पाठ उघडी, दुसऱ्याच्या पोटातून काथ्या बाहेर, तिसऱ्याच्या स्प्रिंगा डोकं वर काढून बसलेल्या. मधेच कुण्या वकिलाची फिरती खुर्ची, जी एकाच बाजूला फिरायची. आणि सगळीकडे फोमचा भुगा. तो कपड्यांना असा चिकटायचा की मी कुठून आलो हे बायकोला विचारावंच लागायचं नाही.

चौघं म्हणजे कोण ते सांगतो. मी गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन बसायचं. या धंद्यामुळे मी तापट झालो की तापट होतो म्हणून या धंद्यात टिकलो, यावर आमच्या घरात एकमत नाही. दुसरा कंपाउंडर. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधता बांधता त्याचे केस पिकले. माणूस लोण्याचा, विनोदी सिनेमालासुद्धा रडायचा. तिसरा कृष्णधवल. त्यालाही आईबापांनी नाव ठेवलेलं असेलच, पण ते आता त्याच्या बँकेलाच ठाऊक. कापडाच्या दुकानात तो दिवसभर बायकांना रंग उलगडून दाखवतो, पण सिनेमा त्याला रंगीत चालत नाही. "रंग आले आणि अभिनय गेला," हे त्याचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की तो तोंड उघडायच्या आत आम्ही तिघं ते कोरसमध्ये म्हणायचो.

चौथा स्वतः सोफेवाला. त्याला नव्या सिनेमांचं वेड. नवा सिनेमा लागला की हा पहिल्या खेळाला हजर, आणि रविवारी आमची उलटतपासणी. कृष्णधवल म्हणाला की जुनं ते सोनं, तर हा म्हणायचा, "मग सोनाराकडे जा. माझ्याकडे कशाला आलास?" दोघांची जुंपायची.

"तुझ्या पिक्चरमध्ये माणूस एकदा खोकला की समजायचं, मध्यंतरानंतर रुमालाला रक्त," सोफेवाला म्हणायचा. "तुमच्या काळात साधा सर्दी-खोकला कुणाला व्हायचाच नाही का रे?"

"आणि तुझ्या पिक्चरमध्ये माणूस मेला तरी पत्ता लागत नाही. कॅमेरा आपला खिडकीबाहेर बघत बसलेला!"

एवढं भांडण चालायचं, पण एक नियम दोघंही पाळायचे. शेवट फोडायचा नाही. ज्याच्या तोंडून शेवट निसटला त्याने त्या दिवशी स्प्रिंगा निघालेल्या सोफ्यावर बसायचं. मी एकदा बसलोय, दुसऱ्यांदा निसटू दिलं नाही.

नियमाला अपवाद एकच होता. कंपाउंडरची आई अंथरुणाला खिळली होती, डोळेही गेले होते. सोफेवाला तिच्या उशाशी बसून तिला नवे सिनेमे सांगायचा, अगदी शेवटासकट. कृष्णधवलने हरकत घेतली, तर म्हणाला, "जो पाहायला जाऊच शकणार नाही त्यालाच शेवट सांगायचा. जो जाणार आहे त्याला सांगणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलून खाणं." म्हातारी गेली तेव्हा कंपाउंडर रडत रडत म्हणाला होता, माझ्या आईने एकही पिक्चर अर्धा सोडला नाही. या नियमाचा अर्थ असा आम्हा सगळ्यांना पक्का ठाऊक होता. सोफेवाल्याच्या मुलीलाही. ती लहानपणी याच दुकानात काथ्याच्या ढिगावर बसून गृहपाठ करायची.

मग सोफेवाल्याला खोकला लागला. आम्ही म्हटलं, अरे दाखव कुणाला तरी. तर म्हणाला, "मी नव्या पिक्चरमधला माणूस आहे. माझा खोकला म्हणजे नुसता खोकला." आम्ही हसलो. पुढे चुका तोंडात धरणं त्याला जमेना, खोकल्याबरोबर जमिनीवर सांडायला लागल्या. मग कंपाउंडरने त्याला दंडाला धरून डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

मुलीने आम्हा तिघांना दवाखान्याबाहेरच्या बाकावर गाठलं. ती विमा कंपनीत आहे. आजार आणि मरण हे शब्द दिवसभर फोनवर अनोळखी लोकांशी न अडखळता बोलते. आमच्यासमोर मात्र तिला एक वाक्य पुरं करता येईना.

"काका, बाबांना काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, छातीत फोमचा भुगा साचलाय, औषधाने सुटेल. डॉक्टर म्हणाले, आता आपल्या हातात फारसं... तुम्ही येत राहा रविवारी. घरी या. नेहमीसारखे भांडा. त्यांना नुसता संशय आला ना, तर ते अन्न सोडतील."

आम्ही माना डोलावल्या. दुसरं काय करणार? तिला आई नाही, भावंड नाही. ती आत निघून गेल्यावर कंपाउंडर म्हणाला, रिपोर्ट मी पाहिलेत. मला सगळ्या जगाचा राग आला होता, आणि त्या रागाचं काय करायचं ते कळत नव्हतं. मी त्या दिवशी एका शिकाऊ बाईंवर विनाकारण ओरडलो.

अशी बैठक दुकानातून घरी आली. खिडकीशी त्याची खाट, शेजारी औषधांचं स्टूल, आणि आम्हाला बसायला त्याच्या घरातला सोफा. त्याचं रेक्झिन बसक्या जागी चिरलेलं होतं. जन्मभर लोकांचे सोफे शिवले, घरच्याची पाळी काही आली नव्हती.

"सिनेमाला जाणं सध्या बंद," त्याने पहिल्याच रविवारी जाहीर केलं. "तुम्ही पाहून या आणि मला सांगा. पण मध्यंतरापर्यंतच. पुढचं मी उठलो की स्वतः पाहीन."

आता आली का पंचाईत. आम्ही सिनेमे पाहायचो आणि अर्धे सांगायचो. पोलिसाची बायको पत्र घेऊन दारात उभी, थांब. दोन भावांची गाडी घाटात बंद पडलेली, थांब. त्याच्या खोलीत अर्धे अर्धे सिनेमे साचत चालले. आठवडाभर तो पडल्या पडल्या त्यांचे शेवट जुळवायचा आणि रविवारी आम्हाला ऐकवायचा. आम्ही चेहरा कोरा ठेवायचा. त्या भावांचा त्याने लावलेला शेवट तर मूळ सिनेमापेक्षा सरस होता. मी तसं बोलून दाखवणार होतो, पण बोललो असतो तर मूळ शेवट असा नाही हे फुटलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

प्रत्येक वेळी 'पुढचं तू पाहशीलच' असं म्हणताना माझी जीभ जड व्हायची. पण म्हणायचो. कंपाउंडर तर तेवढ्यापुरता पाणी प्यायला आत जायचा.

एकदा सोफेवाल्याने पेपरात वाचलं की एक नवा सिनेमा लागलाय आणि तो चक्क कृष्णधवल आहे. त्याने आमच्या कृष्णधवलला फर्मान सोडलं. "माझ्या वाटचा तू पाहून ये. आता तरी रंगाचं निमित्त नाही."

पुढच्या रविवारी कृष्णधवल आला तो जिना धावत चढून. चप्पल दारात एक इकडे, एक तिकडे. आल्या आल्या सुरू. एका मालवाहू बोटीवरच्या स्वयंपाक्याची गोष्ट होती. बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडतं, मालक हात वर करतो, आणि कोठीतला शिधा संपत येतो. त्या स्वयंपाक्याचा चेहरा, कढईच्या बुडाशी पडलेला उजेड, वाफेतून दिसणारे हात, सगळं तो उभ्या उभ्या करून दाखवत होता. इतक्या वर्षांत नव्या सिनेमाबद्दल हा माणूस चांगलं बोलताना मी पाहिला नव्हता. सोफेवाला उशीला टेकून डोळे बारीक करून ऐकत होता. मजा येत होती. मी मध्यंतराची वाट पाहत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की ते मागेच पडलंय.

"...आणि शेवटी दुसरी बोट येते, यांना ओढून बंदरावर नेते. सगळे उतरतात. बायकापोरं मिठ्या मारतायत. कप्तान खालून हाक मारतो, चल की रे! तर हा म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, एवढी भांडी घासून येतो. आणि घासत बसतो. बस्स. संपला!"

कृष्णधवलचे हात हवेतच राहिले. गाडीत असतो तर मी ब्रेक दाबला असता. इथे माझ्या पायाखाली नुसती फरशी होती.

सोफेवाल्याने पाठीमागची उशी नीट केली. "छान शेवट आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे मी काही हा पाहायला जात नाही. असंच ना?"

"काहीतरी बरळू नकोस," मी ओरडलो. "हे गाढव नियम विसरलं, दुसरं काय! बसवा याला स्प्रिंगांवर."

"हा? आणि नियम विसरेल?" सोफेवाला म्हणाला. "जन्मात कधी विसरला नाही."

"मी खरंच विसरलो रे," कृष्णधवल रडायलाच लागला. "त्यात रंग नव्हते... मला भानच राहिलं नाही."

तो खरं बोलत असावा. पण त्या क्षणी आमच्यातल्या कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही, आणि मला वाटतं, त्याचा स्वतःचाही नाही. आपल्या मनाने आधीच निकाल लावून टाकला होता की काय, या धास्तीने तो पांढराफटक पडला होता.

सोफेवाल्याने कंपाउंडरकडे पाहिलं. "तू सांग. तू दवाखान्यातला आहेस." कंपाउंडरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "याचं काही खरं नाही म्हणा," सोफेवाला म्हणाला, "हा विनोदी पिक्चरलाही रडतो." आणि मग माझ्याकडे वळला. मी तापट आहे, खोटं बोलताना आवाज चढवतो, हे त्याला ठाऊक होतं. मला आवाज चढवता आला नाही.

"बरं," तो म्हणाला. "पोर कुठे आहे?"

"औषधं आणायला गेलीय."

"ती यायच्या आत ऐका. मला कळलंय हे तिला कळता कामा नये. बाबांना वाटतंय आपण बरे होणार, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे. रोज सकाळी हसत माझ्यापुढे येते. ते हसू जमवायला तिला न्हाणीघरात किती वेळ लागतो, ते मला भिंतीतून ऐकू येतं."

मुलीने आम्हाला बजावलेलं, बापाला कळू देऊ नका. आता बाप बजावत होता, मुलीला कळू देऊ नका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आम्ही पुन्हा माना डोलावल्या. या वयात आमच्या माना त्याच एका कामाच्या उरल्या होत्या.

त्यानंतरचे रविवार कसे गेले म्हणून सांगू! त्याला साचलेले सगळे शेवट हवे होते. मुलगी चहा घेऊन आली की मध्यंतर. ती कप घेऊन आत गेली की शेवट. आम्ही कुजबुजत घाईघाईने सांगायचो, ती आली की मोठ्याने तारीख, वार, ऊन, काहीही बोलायचो. एकदा घाईत कंपाउंडरने पोलिसाच्या सिनेमाला दोन भावांचा शेवट लावला. सोफेवाला म्हणाला, "अरे, पोलिसाची बायको घाटात कुठून आली?" आणि हसता हसता त्याला असा खोकला लागला की मुलगी धावत आली. "काय झालं?" "काही नाही," तो धापा टाकत म्हणाला, "हे तिघं मला शेवट सांगत नाहीत, म्हणून चिडलोय." ती हसली. तिच्यामागे कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून उभा.

सगळे शेवट ऐकून झाल्यावर त्याने त्यांतले निम्मे नापास केले. "यासाठी मी इतके दिवस थांबलो होतो?" असं म्हणायचा. आम्ही नेहमीसारखे भांडलो. खरंच भांडलो, आणि भांडताना मधूनच विसरायला व्हायचं.

बाप-लेक एकमेकांपासून तोंड लपवतायत, कुणीतरी मधे पडायला हवं, असं मला फार वाटायचं. एकदा तिला जिन्यात गाठून मी सुरुवात केलीही. "बाळा, मी म्हणत होतो, बाबांना जर समजा..." तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, आज सकाळी बाबा आपणहून म्हणाले, पुढच्या महिन्यात दुकान उघडू. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!" तिचे डोळे सुजलेले होते. मी म्हटलं, "हो, हो, उघडेल की." आणि जिना उतरलो. खाली येऊन गाडीत नुसता बसून राहिलो. किल्ली लावायचंही सुचेना.

मग तो रविवार आला. त्या आठवड्यात डॉक्टर घरी येऊन गेले होते आणि काही गोळ्या बंद करून गेले होते. आता कशाला त्रास द्यायचा, असं म्हणाले म्हणे. सोफेवाल्याच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला होता. अंगावरची चादर सपाट दिसत होती. मी त्याला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका बाईचा सिनेमा सांगत होतो. तिच्याकडे एक जुना रेडिओ येतो आणि त्याच्या आत तिला हरवलेल्या बहिणीच्या अक्षरातली चिठ्ठी सापडते. मुलगी चहा घेऊन आली. आज ती आत गेली नाही. बापाच्या पायाशी खाटेवर बसली. मी चिठ्ठीपर्यंत आलो आणि थांबलो.

"मध्यंतर," मी म्हटलं.

"काका, थांबू नका," ती म्हणाली. "आज पुढचं पण सांगा. शेवटपर्यंत." ती माझ्याकडे पाहत नव्हती, चादरीची घडी नीट करत होती. "बाबांना ऐकू दे."

कृष्णधवल उठून खिडकीशी गेला. मी सोफेवाल्याकडे पाहिलं, म्हटलं, आता तरी हा मान हलवेल. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतील एकदा, आणि सुटतील.

त्याने मास्क बाजूला केला. त्यालाही वेळ लागला. "ए, नियम आहे," तो म्हणाला. "शेवट फोडायचा नाही."

"बाबा, आजच्या दिवस."

"आज काय विशेष आहे? आणि याने फोडून टाकला तर पुढच्या महिन्यात आपण दोघं काय पाहायचं? तिकिटं तू काढायचीस. कडेच्या खुर्च्या घे, मला उठायला बऱ्या."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्या घरात शेवट सांगण्याचा अर्थ काय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि सगळं कळूनही तो ऐकायला नकार देणारा बाप काय करतोय, हेही तिला कळलं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं ते. त्यालाही दिसलं असणार.

"हो बाबा," ती म्हणाली. "कडेच्याच घेते." आणि हसली. या वेळी ते हसू तिने आमच्यासमोरच जमवलं.

सोफेवाला माझ्याकडे वळला. "तू काय बघत बसलास? आज धड सांगितलं नाहीस. ती बाई दुकान उघडते तिथून सांग पुन्हा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. बाई दुकान उघडते, पंखा लावते, रेडिओ समोर ओढते. मुलगी बापाच्या पावलांवर हात ठेवून ऐकत होती, तो डोळे मिटून ऐकत होता. मी जमेल तितकं लांबवलं. नसलेली माणसं घातली, नसलेला पाऊस घातला. तरी चिठ्ठी आलीच. मी थांबलो, आणि पुढे काय झालं ते दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.